ऑइल बदललं, तरी मीटरवरचा पाना जात नाही

साताऱ्याहून एकांनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. मागच्या महिन्यात त्यांनी २०१३ ची फोक्सवॅगन व्हेंटो डिझेल सेकंडहँड घेतली. रनिंग एक लाख आठ हजार. गाडी घरी आली तशी ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर बदलून घेतलं. तरीही चावी फिरवली की मीटरवर पान्याच्या चित्राचा दिवा येतो, 'सर्व्हिस नाउ' असं दिसतं, आवाज होतो आणि काही सेकंदांनी ते जातं. पुन्हा चावी फिरवली की पुन्हा तेच. व्हिडिओ बघून ट्रिपचं बटण दाबून झालं, बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवून झाली. एक मेकॅनिक म्हणतो मीटर बदला, दुसरा म्हणतो बघूच नका तिकडे. गणपतीला घरच्यांना घेऊन कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं आहे. गाडी न्यावी की नाही, आणि हा दिवा घालवायचा कसा?

मी कराडला २७ वर्षं गॅरेजचं काम करतोय आणि हा प्रश्न घेऊन महिन्याला दोन-तीन गाड्या तरी येतात. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो: मीटर बदलू नका. त्याचं कारण पुढे येईलच, पण तोपर्यंत कोणी मीटरला हात लावायला नको म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. दुसरं, पान्याच्या दिव्यामुळे गाडी वाटेत बंद पडत नाही. तो बिघाडाचा दिवा नाही, मुदतीचा आहे. घाटाचं म्हणाल तर त्यासाठी दुसऱ्या दोन गोष्टी बघायच्या आहेत, ज्यांची मुदत मीटर सांगतच नाही. त्या शेवटी सांगतो, कारण तुमच्या गाडीचं वय बघता मला पान्यापेक्षा त्यांची काळजी जास्त आहे.

दिसतो तो पानाच आहे ना, याची आधी खात्री करा. हे विचारायचं कारण असं की 'सर्व्हिसचा दिवा' म्हणून लोक चार वेगवेगळे दिवे सांगतात. पिवळ्या रंगात इंजिनाचं चित्र असेल तर तो चेक इंजिन, म्हणजे ईसीयूने, इंजिनाच्या कॉम्प्युटरने, कसली तरी चूक नोंदवली आहे. लाल रंगात तेलाची किटली असेल तर ऑइलचं प्रेशर नाही. तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं, पुढच्या पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही. हीच किटली पिवळी असेल तर ऑइलची लेव्हल बघायची. आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या डिझेल गाड्यांत आणखी एक आहे. स्प्रिंगसारखं वेटोळं असलेला पिवळा दिवा चावी फिरवल्यावर दिसून विझतो, तो ग्लो प्लगचा, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला आतून तापवणाऱ्या प्लगचा. चालत्या गाडीत तोच लुकलुकायला लागला तर इंजिनाच्या कंट्रोलमध्ये बिघाड आहे, तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या चुका वाचणारा स्कॅनर लावावाच लागतो. तुमच्या वर्णनात पाना आणि 'सर्व्हिस नाउ' दोन्ही आहे, शिवाय ते काही सेकंदांत जातं. म्हणजे हा सर्व्हिसचाच. पण या चारांत गल्लत करून लोक नको तो दिवा घालवायच्या मागे लागतात आणि खरा धोका अंगावर ओढवून घेतात, म्हणून एवढं सांगितलं.

आता हा पाना आहे तरी काय? मीटरच्या आत एक हिशेब चालू असतो. मागच्या वेळी शून्य केल्यापासून किती किलोमीटर झाले आणि किती दिवस झाले, एवढाच. आपल्याकडे या गाड्यांना १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत असते. दोन्हींत जे आधी भरेल तेव्हा पाना येतो. तुमच्या मेकॅनिकने इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडून नवीन ऑइल घातलं हे मीटरला कळत नाही. ऑइल चांगलं की वाईट हे तपासणारं त्या हिशेबात काही नाही. उद्या काही न बदलता नुसता हिशेब शून्य केला तरी पाना जाईल, आणि परवा सगळं इंजिन नवीन बसवलं तरी हिशेब शून्य केल्याशिवाय पाना राहील.

बॅटरी काढून तो का गेला नाही, तेही यातच आहे. जुन्या काळच्या इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयूतल्या चुका बॅटरीच्या करंटवर टिकून राहायच्या. वायर काढली की चूक पुसली जायची आणि चेक इंजिनचा दिवा जायचा. तिथून ही बॅटरी काढायची सवय मेकॅनिक लोकांना लागली. सर्व्हिसचा हिशेब मात्र मीटरमध्ये किलोमीटरच्या आकड्यासारखाच कायमच्या मेमरीत लिहिलेला असतो. बॅटरी महिनाभर काढून ठेवली म्हणून एक लाख आठ हजारांचे शून्य होत नाहीत ना? तसाच हाही पुसला जात नाही. उलट बॅटरी बरेच दिवस काढलेली राहिली तर मीटरला दिवस मोजता येत नाहीत आणि पुढच्या सर्व्हिसची तारीख चुकते. तेव्हा हा उपाय पुन्हा करू नका.

हिशेब शून्य करायची रीत तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच दिलेली आहे. पण सेकंडहँड गाडीबरोबर मॅन्युअल क्वचितच येतं, म्हणून इथे सांगतो. गाडी सपाट जागी उभी करा. चावी बंद करा आणि मीटर पूर्ण विझू द्या; दार उघडून मिनिटभर थांबलात तर उत्तम. मग ट्रिप शून्य करायचं बटण, ज्यावर '०.०' किंवा 'सेट' लिहिलेलं असतं, ते दाबा आणि दाबूनच धरा. बोट न उचलता दुसऱ्या हाताने चावी ऑन करा. ऑन म्हणजे दिवे लागतील एवढीच, स्टार्टर मारायचा नाही. मीटरवर सर्व्हिसचा संदेश आला की बटण सोडा. आणि आता, साधारण २० सेकंदांच्या आत, घड्याळाची मिनिटं लावायचं जे बटण आहे ते एकदा दाबून सोडा. एवढंच. चावी बंद करा, थोडं थांबा, पुन्हा ऑन करून बघा.

दहापैकी आठ गाड्यांचा पाना इथेच जातो. ज्यांचा जात नाही त्यांना मी माझ्यासमोर करून दाखवायला सांगतो आणि मग चूक लगेच दिसते. काही जण चावी आधी ऑन करतात आणि मग बटण दाबतात. त्याने फक्त ट्रिप शून्य होते. काही जण ट्रिपचं बटण सोडून स्वस्थ बसतात, काहीतरी आपोआप होईल म्हणून वाट बघतात, तेवढ्यात वेळ संपतो. घड्याळाचं बटण दाबायचं आहे हे अर्ध्या व्हिडिओंत सांगितलेलंच नसतं, किंवा व्हिडिओ दुसऱ्याच मॉडेलचा असतो. कोणी ते बटण दाबून धरतात, मग घड्याळच पुढे सरकतं. आणि घाईत कोणी गाडीच सुरू करतात. तुम्हीही यातलंच काहीतरी केलं असणार. घरातल्या कोणाला तरी शेजारच्या सीटवर बसवा, त्याने चावी फिरवायची आणि तुम्ही बटण धरायचं. दोन माणसांत हे काम जास्त नीट होतं, कारण स्टिअरिंगमधून हात घालून बटण दाबून ठेवताना चावी फिरवायला गेलं की बोट हमखास सुटतं.

क्रम बरोबर असूनही होत नसेल तर बटणं तपासा. चावी ऑन असताना ट्रिपचं बटण दाबल्यावर ट्रिप शून्य होते का? घड्याळाच्या बटणाने मिनिटं बदलतात का? दोन्ही साधी कामं होत असतील तर बटणं ठीक आहेत. दहा-बारा वर्षांच्या गाडीत मीटरच्या काचेतून बाहेर आलेली ती प्लास्टिकची कांडी झिजते किंवा तिरकी होते आणि आतल्या छोट्या स्विचपर्यंत पोचत नाही. मागच्या पावसाळ्यात अशी एक गाडी आली होती. मालकाने तीन ठिकाणी पैसे घातले होते. मी ट्रिप शून्य करायला गेलो तर बटण दाबलं की ट्रिप कधी शून्य व्हायची, कधी नाही. कांडी अंगठ्याने किंचित वर रेटून सरळ दाबली आणि क्रम केला, पाना गेला. मीटर न उघडता.

बटणं ठीक, क्रमही बरोबर, तरी पाना राहिला तर दुसरी शक्यता बघायची. फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही मॉडेलांत ऑइलचा हिशेब वेगळा आणि इन्स्पेक्शनचा वेगळा असतो. एक शून्य केला तरी दुसरा भरलेला असतो, आणि पाना दोघांना सारखाच, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं. संदेशातले शब्द नीट वाचा. पहिल्यांदा 'ऑइल' असं होतं आणि आता 'इन्स्पेक्शन' आलं असेल तर तुमचं अर्धं काम झालेलं आहे, तोच क्रम पुन्हा करा.

यानंतरच स्कॅनर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर इंजिनाच्या चुका वाचतो, पण मीटरमधल्या सर्व्हिसच्या हिशेबापर्यंत तो सहसा पोचत नाही. या गाड्यांसाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखं साधन लागतं. ज्याच्याकडे ते आहे त्याला '१७ नंबर, इन्स्ट्रुमेंट्स' एवढं सांगितलं तरी कळतं. व्हीसीडीएसमध्ये तर सर्व्हिस रीसेटचं वेगळं बटणच आहे. काम पाच मिनिटांचं आहे. पण ते सुरू करण्याआधी त्याला सगळ्या मॉड्यूलचा, म्हणजे गाडीतल्या सगळ्या छोट्या कॉम्प्युटरांचा, पूर्ण स्कॅन करून फाइल ठेवायला सांगा आणि तिची एक प्रत तुमच्या मोबाइलवर घ्या. नवी घेतलेली जुनी गाडी आहे. एअरबॅगमध्ये, एबीएसमध्ये काय चुका दडलेल्या आहेत हे त्याच पैशांत कळेल. आणि बॅटरी अशक्त असेल तर आधी चार्ज करून घ्या. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर साधं काम किचकट होऊन बसतं.

आता मीटर का बदलायचं नाही ते सांगतो. या पिढीच्या पोलो, व्हेंटो, रॅपिडमध्ये चावी ओळखायचं काम, म्हणजे इमोबिलायझर, मीटरमध्येच बसवलेलं आहे. चावीतली चिप, मीटर आणि इंजिनाचा ईसीयू या तिघांची आपसांत ओळख पटली तरच इंजिन चालू राहतं. भंगारातून आणलेलं मीटर लावलं तर गाडी सुरू होऊन दुसऱ्या क्षणी बंद पडेल. मग चाव्या जुळवा, कोड मिळवा, सगळं नव्याने. शिवाय त्या मीटरवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर. तुमच्या गाडीचा खरा आकडा गेला तो गेला, आणि उद्या विकायला काढली तर तुम्ही आकडा फिरवला असंच घेणारा म्हणणार. ही गाडी चाकणला, आपल्याच जिल्ह्याच्या शेजारी बनलेली आहे. सुट्या भागांची आणि माहितीची इथे टंचाई नाही, त्यामुळे असल्या अघोरी उपायाची गरजही नाही.

दुसऱ्या गाड्यांची विचारणाही नेहमी होते, म्हणून माझ्या हाताखालून गेलेल्या काहींचं सांगतो. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, तेव्हापासून इकोस्पोर्टवाले बाहेरच्या गॅरेजकडे जास्त येऊ लागले. तिथे ऑइल बदलायचा संदेश घालवायला बटणच नाही: चावी ऑन, इंजिन बंद, आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही पेडल तळापर्यंत दाबून साधारण २५ सेकंद धरायचे. पेडल अर्धवट दाबले, किंवा खाली जाड मॅट सरकून आली असली, की होत नाही. मी आधी मॅट काढतो. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत मीटरच्या युजर सेटिंगमध्ये 'सर्व्हिस इंटरव्हल' आहे, तिथे जाऊन 'ओके' थोडा वेळ दाबून धरायचं. किलोमीटर आणि महिने तुम्हीच ठरवायचे. टोयोटामध्ये ट्रिपचं बटण दाबून चावी ऑन करायची ही रीत व्हेंटोसारखीच, पण चावी बंद करण्याआधी मीटरवर काय दिसत होतं, ओडो की ट्रिप ए, यावर सगळं अवलंबून. चुकीची स्क्रीन होती तर नुसतीच ट्रिप शून्य होते. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलांच्या टोयोटांना 'मेंट रेक्ड' म्हणून जो दिवा येतो, तो दर ५,००० मैलांचा हाच हिशेब आहे. आणि स्टार्ट बटणाच्या गाडीत क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबायचं, काही गाड्यांत दोनदा, म्हणजे इंजिन सुरू न होता फक्त मीटर ऑन होतं. हे माहीत नसल्यामुळे कित्येकांचं काम अडतं.

बीएमडब्ल्यूचा एक प्रकार सांगण्यासारखा आहे, कारण तिथे दिवा हट्टी असायला खरोखर कारण असतं. ब्रेक पॅडच्या आतून एक वायर घातलेली असते. पॅड झिजून पातळ झाला की डिस्क ती वायर घासून तोडते आणि दिवा लागतो. लोक नवीन पॅड टाकतात, जुनीच तुटकी वायर परत लावतात आणि मग रीसेट होत नाही म्हणून डोकं धरतात. वायर तुटलेली असेपर्यंत गाडी रीसेट घेत नाही. पॅडबरोबर सेन्सर नवा टाकला की लगेच घेते. त्याच गाड्यांत तारीख चुकली असेल, बॅटरी बदलल्यावर कोणी लावलीच नसेल, तर एकदम चार सर्व्हिसची मुदत संपल्याचे संदेश येतात. आधी तारीख बघायची.

आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस ६ डिझेल गाड्यांना मी वर जे म्हटलं ते जसंच्या तसं लावू नका. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, आणि गाडी नुसती गावातल्या गावात फिरत असेल तर त्यातलं काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते. काही गाड्यांचा ईसीयू हे गणित करून मुदतीच्या बराच आधी ऑइल बदलायला सांगतो. तिथे दिवा आला की ऑइल खरोखर बदला, आणि मग स्कॅनरने ईसीयूला कळवा. नुसतं पुसून चालवली तर पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग चालतील, आणि एका टर्बोच्या पैशांत किती वेळा ऑइल बदलता आलं असतं हा हिशेब नंतर करत बसावं लागेल.

आता तुमच्या गाडीकडे परत येतो. पाना घालवायच्या आधी, खरोखर सर्व्हिस झाली आहे ना, हे बघा. तुमच्या मेकॅनिकवर संशय घेत नाही. पण माझ्याकडे एक गाडी आली होती, तिच्यामुळे मी हे सगळ्यांना सांगतो. मालक निवृत्त शिक्षक, गाडी जिवापाड जपणारे. चार महिन्यांपूर्वी एका ठिकाणी सर्व्हिस करून घेतल्याचं बिल होतं, मीटर सांगत होतं पुढच्या सर्व्हिसला ११,००० किलोमीटर बाकी. इंजिनाचा आवाज जड येतो म्हणून आणली होती. चेंबरचा नट सोडला तर ऑइल धार धरून पडेना. काकवी जशी भांड्यातून सांडते तसं एकेक गठ्ठा ओघळत होतं. फिल्टर काढला, त्यावर मातीचा थर, आणि नटाखालचा वॉशर चपटा होऊन चिकटलेला. चार महिन्यांपूर्वी त्या नटाला कोणी पाना लावलाच नव्हता. फक्त मीटरचा हिशेब शून्य करून बिल हातात दिलं होतं. त्या सरांचा चेहरा मला अजून आठवतो. पैशापेक्षा त्यांना फसवल्याचं जास्त लागलं होतं.

तुम्ही काय बघायचं? डिझेल गाडीत डिपस्टिकवरचं ऑइल काळं आहे यावरून काही ठरवू नका, नवीन ऑइलही दोन-चार दिवसांत काळं होतं. फिल्टरचं झाकण किंवा बाहेरचा भाग पुसलेला, हाताळलेला दिसतो का ते बघा. गाडी रॅम्पवर असेल तर चेंबरचा नट आणि त्याचा वॉशर बघा, ताजं काम लगेच ओळखू येतं. ऑइलची रिकामी बाटली मागून घ्या आणि मॅन्युअलमध्ये फोक्सवॅगनचा जो ऑइलचा नंबर दिला आहे तो तिच्यावर छापला आहे का ते जुळवा. नुसता '५-डब्ल्यू-३०' जुळून भागत नाही. मी स्वतः फिल्टर बसवला की त्यावर पांढऱ्या मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहितो आणि मालकाला बोलावून दाखवतो. तुमच्या मेकॅनिकलाही तसं करायला सांगा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

पाना जाईल त्या दिवशी एका वहीत तारीख, किलोमीटर आणि काय काय बदललं ते लिहून ठेवा. मुदतीच्या मध्येच, केवळ दिवा चालतो का बघायला म्हणून, हिशेब शून्य करू नका. त्याने पुढचं सगळं गणित मागेपुढे होतं. आणि गाडी वर्षात चारच हजार चालली तरी वर्षाला ऑइल बदलायचंच. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, जळताना झालेलं पाणी वाफ होऊन जायच्या ऐवजी ऑइलमध्ये राहतं. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडच्या कमी चालणाऱ्या गाड्यांची ऑइलची टोपी उघडली की आत सायीसारखा पांढरट थर दिसतो, तो हाच.

सेकंडहँड गाडी घेतली आहे म्हणून आणखी एक तपासणी आजच करा. चावी ऑन करा, गाडी सुरू करू नका, आणि मीटरकडे बघा. इंजिनाचा दिवा, एअरबॅगचा, एबीएसचा, किटलीचा, सगळे एकदा लागले पाहिजेत, आणि काही सेकंदांत किंवा गाडी सुरू केल्यावर विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर तो लपवलेला आहे असं समजा. आतून काळी टेप लावलेली मी पाहिली आहे, वायर कापलेली पाहिली आहे. अशा वेळी जाणारा पाना सोडा, न लागणारा दिवा शोधायला लावा.

राहिला घाट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. कुंभार्लीच्या उतारावर ब्रेक सतत दाबलेले राहिले की ते उकळतं, पेडल मऊ पडतं आणि पाय खाली जातो. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि व्हेंटोच्या पान्याला त्याचा पत्ता नसतो. कधी बदललं हे माहीत नसेल तर निघायच्या आधी बदला, आणि घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवा, ब्रेकवर पाय ठेवून नको. दुसरा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. तुमच्या १.६ टीडीआय डिझेल इंजिनाला साखळी नाही, बेल्ट आहे, आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो. चालत्या गाडीत तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, हेड उतरवावंच लागतं. जुन्या डिझेल इनोव्हात टी-बेल्टचा स्वतंत्र दिवा तरी येतो. तुमच्या गाडीत तसा दिवा नाही, आणि बेल्ट वयानेही जातो, नुसता किलोमीटरने नाही. तेव्हा आज संध्याकाळी आधीच्या मालकाला फोन करा आणि बेल्ट कुठे, कधी, किती किलोमीटरला बदलला ते विचारा, बिल असेल तर फोटो मागवा. 'बदलला होता बहुतेक' असं उत्तर आलं तर बदललेला नाही असंच धरा, आणि बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, पंप असा पूर्ण सेट टाकूनच चिपळूणला निघा.